सगळ्यांच्या घरी तेच वाण

उल्काताई खेडकरांनी आयुष्यात कधी काही विकलं नव्हतं. घरातली रद्दीसुद्धा त्या कबाडीवाल्याला तशीच देऊन टाकत. तो तराजू काढायला लागला की त्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. "रहने दो भैया, ले जाओ," म्हणून त्या दार लोटून घेत. यजमान गुणवंतराव हसायचे. "तुला दुकान काढून दिलं तर गिऱ्हाईक मालाबरोबर गल्लाही उचलून नेईल, आणि जाताना तू त्याला चहा पाजशील," असं म्हणायचे.

अशा बाईवर मराठी मंडळाने विक्रीचं काम सोपवलं आणि ते पार पडलं, हे गुणवंतरावांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी नक्कीच विश्वास ठेवला नसता. पण ते पाहायला ते नव्हते. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती.

उल्काताई मूळच्या अमरावतीच्या. लग्न होऊन दिल्लीत आल्या आणि कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी कार्यालयात स्टेनो म्हणून लागल्या. साहेब बदलत गेले, टाइपरायटर जाऊन संगणक आला, आर. के. पुरमचं क्वार्टर सुटून नोएडात सेक्टर पन्नासला स्वतःचा फ्लॅट झाला. मुलगा धवल शिकून बंगळूरला गेला. वर्ग सुरू झाला तो नोएडात आल्यावर. वरच्या मजल्यावरची एक छोटी मुलगी साताऱ्याच्या आजीशी फोनवर हिंदीत बोलायची आणि पलीकडून आजी नुसतीच "बरं बरं" म्हणायची. जिन्यात उभं राहून ते ऐकल्यावर उल्काताईंनी त्या मुलीला दर रविवारी खाली बोलावलं. तिच्यामागे तिचा भाऊ आला, मग शेजारच्या ब्लॉकमधली मुलं. दिवाणखाना पुरेना, तेव्हा जवळच्या एका शाळेने रविवार सकाळपुरता आपला हॉल दिला. फुकट.

पुस्तकातला धडा वाचायचा आणि पाठ करायचा, असा तो वर्ग नव्हता. 'ओंजळ' म्हणजे काय हे मुलांना सांगून कळेना, तेव्हा उल्काताईंनी एकेकाला हात पुढे करायला लावून त्यात शेंगदाणे ओतले होते. "आता जे हातात आहे ती ओंजळ. खाऊन टाकली की संपली." तेव्हापासून मुलं दर रविवारी ओंजळ मागायची. शनिवारी संध्याकाळी उल्काताई दुसऱ्या दिवशीच्या गोष्टीची तयारी करत आणि सोमवारपासून पुढच्या शनिवारची वाट बघत. गुणवंतराव गेल्यापासून आठवडा तेवढ्या एका खुंटीला टांगलेला होता. हे त्या कोणाशी बोलत नसत.

नोव्हेंबरच्या शेवटी शाळेचा कारकून वर्ग संपायच्या वेळी हॉलच्या दारात येऊन उभा राहिला. शाळेचे विश्वस्त बदलले होते. एप्रिलपासून हॉलला भाडं पडणार होतं, आणि वर्षाचं भाडं फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आगाऊ भरायचं होतं. "एक डान्स क्लासवाले भी पूछ रहे हैं मॅडम. जो पहले देगा..." असं म्हणून तो थांबला. माणूस भला होता. वाक्य पुरं करणं त्याच्या जिवावर आलं.

पुढच्या रविवारी मुलं गेल्यावर मंडळाची मंडळी तिथेच लहान बाकांवर गुडघे वर करून बसली. मंडळाची अध्यक्ष देवयानी गुडगावहून गाडी घेऊन आली होती. ती उल्काताईंच्याच वयाची, बोलायला सडेतोड. क्षिप्रा नोएडातल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिची दोन्ही मुलं वर्गात होती. आणि हेमलता, उल्काताईंची सगळ्यात जुनी मैत्रीण, हिंदूराव हॉस्पिटलातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेली, आता मयूर विहारला राहणारी.

"वर्गणी काढू," देवयानी म्हणाली.

"आत्ता गणपतीत काढली की," हेमलता म्हणाली. "परत पावतीपुस्तक दिसलं तर लोक बेल वाजल्यावर दिवे बंद करतील."

"काहीतरी विकू या ना," क्षिप्रा म्हणाली. "आमच्या ऑफिसात कोणी मुलांच्या शाळेसाठी पणत्या विकतं, कोणी बिस्किटं. लोकांना हातात काहीतरी मिळालं ना, की बिल्कुल कुरकुर करत नाहीत यार. पण असं पाहिजे, जे त्यांना तसंही घ्यायचंच आहे."

दिवाळी होऊन गेली होती. फराळाची वेळ टळली होती. कोणी कॅलेंडर म्हणालं, कोणी लोणचं. मग उल्काताई म्हणाल्या, "वाण."

देवयानीने हेमलताकडे पाहिलं आणि हेमलताने फळ्याकडे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत दिल्लीतल्या एकूण एक मराठी घरात हळदीकुंकू होतं आणि आलेल्या प्रत्येकीला वाण म्हणून काहीतरी वस्तू द्यावी लागते, हे खरंच होतं. दरवर्षी बायका सदर बाजारात जाऊन प्लॅस्टिकचे डबे नाहीतर वाट्या गठ्ठ्याने आणतात, हेही खरं होतं. पण गुणवंतराव गेल्यापासून उल्काताई एकाही हळदीकुंकवाला गेल्या नव्हत्या. त्यांनीच ही गोष्ट काढावी याचं सगळ्यांना थोडं नवल वाटलं.

"वाण कसलं?" देवयानीने विचारलं.

"गोडा मसाला. आपला आपण केलेला. छोट्या कापडी बटव्यात."

इथे गोडा मसाला सहजी मिळत नाही, मिळाला तर शिळा असतो, आणि प्रत्येकीच्या फोडणीला तो लागतोच. बोलणं तिथेच संपलं.

उल्काताईंनी हे काम ऑफिसचं काम घ्यावं तसं घेतलं. आधी चव दाखवायची, मग ऑर्डर घ्यायची, आणि जेवढी ऑर्डर तेवढाच माल करायचा. उगाच करून ठेवायचं नाही. पहिल्या घाण्यातला मसाला घालून त्यांनी मोठं पातेलंभर आमटी केली आणि रविवारी मुलांना न्यायला आलेल्या आईबापांना हॉलच्या व्हरांड्यात भाताबरोबर वाढली. डिसेंबरची थंडी, धुकं अजून उतरलेलं नाही, आणि वाफाळलेली आमटी. एक जण सोलापूरचे होते, त्यांनी दुसऱ्यांदा घेताना नुसतंच डोळे मिटले. ऑर्डरी तिथेच सुरू झाल्या. मग एकीने दुसरीला सांगितलं, तिने द्वारकेतल्या नणंदेला, नणंदेने रोहिणीतल्या मैत्रिणीला.

एका बाबतीत मात्र क्षिप्राचं आणि त्यांचं जमलं नाही.

"काकू, ॲडव्हान्स घ्या. प्लीज."

"आधी वस्तू, मग पैसे," उल्काताई म्हणाल्या. "वस्तू न देता पैसे मागायला माझी जीभ उचलत नाही गं."

"मग जीभ माझी वापरा!"

पण उल्काताई ऐकेनात. पैसे वस्तू हातात पडल्यावर, असंच ठरलं.

हेमलताला घेऊन त्या खारी बावलीला गेल्या. हातगाड्या, हमाल, पोत्यांतून उडणारी तिखटाची धूळ, सारखा ठसका. दगडफुलाला तिथे काय म्हणतात ते उल्काताईंना ऐन वेळी आठवेना. त्या दुकानदाराला हाताने दाखवत राहिल्या, काळं, हलकं, सुकलेल्या पानासारखं. "पत्थर के फूल बोलिए ना माताजी," तो म्हणाला आणि हेमलता रिक्षात बसेपर्यंत हसत होती. भाजणं उल्काताईंच्या स्वयंपाकघरात. खोबरं वेगळं, तीळ वेगळे, खसखस वेगळी, धणे मंद आचेवर. समोरच्या मिसेस भाटिया दोनदा दार उघडून बाहेर आल्या. "आंटीजी, क्या बना रहे हो? पूरी सीढ़ियाँ महक रही हैं!" दळायला बरौल्यातली चक्की. चक्कीवाला मिरची दळून मोकळा झाला होता, तर उल्काताईंनी त्याला आधी मूठभर तांदूळ घालून जातं साफ करायला लावलं आणि ते पीठ बाजूला काढेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

संक्रांतीआधीच पहिला माल ज्यांच्या त्यांच्या घरी पोचला. निळ्या काठाचे छोटे बटवे, आत मसाल्याची पुडी. पहिल्या आठवड्यात ज्यांच्याकडे हळदीकुंकू होतं त्यांचे पैसेही आले. दुसरा माल याच्या दुप्पट मोठा, त्याचं सगळं सामान घरात येऊन पडलं होतं. तो गेला की हॉलचं भाडं सुटत होतं. उल्काताईंनी धवलला फोन करून सांगितलं, "अरे, मला विकता येतं." तो म्हणाला, "आई, चहा नाही ना पाजलास?"

संक्रांतीनंतरच्या शनिवारी दुपारी हेमलता आली. चप्पल काढायच्या आधीच तिने पर्स उघडली आणि जेवणाच्या टेबलावर उपडी केली. निळ्या काठाचे बटवे टपाटप पडले.

"हे काय?" उल्काताईंनी विचारलं.

"वाण. परवा क्षिप्राकडे गेले, हा मिळाला. तिथून इंदिरापुरमला, हा. वसुंधरेत ताटात हाच बघितला तेव्हा मला जो खोकला लागला तो थांबेना. काल आमच्याच सोसायटीत. त्यांनी तर वर आग्रह केला, घ्या हो सिस्टर, अगदी घरचा आहे! घरचा म्हणजे कुणाच्या घरचा ते मला ठाऊक. आमचे नरसिंहराव म्हणाले, आता वर्षभर आमटीत पोहायला शिकलं पाहिजे."

उल्काताई खुर्चीत बसल्या.

तेवढ्यात फोन वाजला. क्षिप्रा होती. "काकू, तुम्ही ग्रुप बघितला का? नका बघू. म्हणजे चेष्टाच चाललीये सगळी, वाईट कोणी बोलत नाहीये. पण पुढच्या आठवड्यातल्या दोघी-तिघींनी ऑर्डर कॅन्सल केली. म्हणतात, आमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांना ऑलरेडी मिळालंय."

उल्काताईंनी फोन खाली ठेवला. बटव्यांकडे बघत राहिल्या. प्रत्येकीने आपल्यापुरती ऑर्डर दिली होती. शेजारणीने काय मागवलंय ते तिला माहीत असायचं कारण नव्हतं. सगळ्यांच्या ऑर्डरी एकाच बाईकडे येत होत्या. कोणाकडे काय जातंय हे फक्त तिलाच ठाऊक होतं. आणि ज्या बायका क्षिप्राकडे जातात त्याच इंदिरापुरमला जातात, त्याच वसुंधरेत आणि त्याच मयूर विहारला, हे तिच्या एकदाही लक्षात आलं नाही. एकेकाळी त्या स्वतः संध्याकाळी साडी बदलून निघायच्या. एका घरातून निघालेला घोळका दुसऱ्या घरी जिन्यात परत भेटायचा. "तू पण इथेच?" म्हणून हसणं व्हायचं. हे सगळं त्यांना माहीत होतं. फक्त त्या वाटेने जाणं सुटलं आणि त्याबरोबर तेही सुटलं.

"तू आली असतीस तर झालंच नसतं," हेमलता म्हणाली. आवाज मोठा नव्हता.

"मी कशी येणार?"

"पायांनी. मेट्रोनं. कोणी अडवलं होतं?"

कोणी अडवलं नव्हतं. पहिल्या वर्षी त्या स्वतःच गेल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी आमंत्रणं आली ती "जमलं तर ये" अशी आली. तिसऱ्या वर्षी आली नाहीत. कोणाचा दोष म्हणावा असं त्यात काहीच नव्हतं.

संध्याकाळी देवयानीचा फोन आला. तिच्याकडचं हळदीकुंकू म्हणजे मोठा मेळावाच असे. गुडगावच्या तिच्या मोठ्या दिवाणखान्यात द्वारका, रोहिणी, फरिदाबाद, नोएडा, सगळीकडच्या बायका येत. सगळ्यात मोठी ऑर्डर तिचीच होती.

"उल्का, मी वाट्या मागवते गं सदर बाजारातून. राग मानू नकोस."

"दुसरं काही केलं तर घेशील?" उल्काताईंनी विचारलं. दुसरं काय, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"खरं सांगू? आमच्या घरी यायचं नाही, आणि आमच्या घरचं वाण मात्र तू ठरवणार. आठ वर्षं मी काही बोलले नाही. आता म्हणते. बुधवारी तू स्वतः घेऊन ये. हातात घेऊन, दारातून आत. मग बघू वाट्यांचं."

"देवयानी, मी..."

"बुधवारी," म्हणून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी वर्ग होता. उल्काताईंनी गोष्ट सांगितली, ओंजळी भरल्या, पण मुलांपैकी एकीने विचारलंच, "आजी, तुम्हाला सर्दी झाली का?" वर्ग संपल्यावर क्षिप्रा आणि हेमलता त्यांच्याबरोबर घरी आल्या. किती सामान वाया जाणार ते बघायला उल्काताईंनी मागच्या खोलीतले डबे उघडले. एकात धणे, एकात पांढरे तीळ, एकात खोबऱ्याच्या वाट्या, जिरं, खसखस. दुसरा घाणा अजून भाजायचा होता.

"हा अजून मसाला झालेला नाही," उल्काताई म्हणाल्या.

"म्हणजे?" क्षिप्राने विचारलं.

"म्हणजे हे अजून एकत्र केलेलं नाही. खोबरं आहे तर खोबऱ्याची चटणी होईल. तिळाची होईल. धणे-जिऱ्याची पूड होईल. थोड्या डाळी आणल्या, सुंठ-मेथी घातली, की मेतकूट. घरोघरी वेगळं. बटवा तोच."

क्षिप्रा उठून उभी राहिली. "काकू! पण मग हा सेट झाला! एका घरी चटणी, दुसऱ्या घरी मेतकूट. सगळी घरं फिरली की घरात पूर्ण शेल्फ तयार. लोक एकही घर सोडणारच नाहीत. आता लोक कंटाळा करतात ना, कोण जाणार रोहिणीला म्हणून. आता जातील."

"जातील खऱ्या," हेमलता म्हणाली, "पण कुठल्या घराला काय द्यायचं ते कसं ठरवणार? परत दोघींकडे चटणी झाली की परत माझा खोकला. मला आमच्या बाजूची घरं माहीत. द्वारकेतली कोण रोहिणीत जाते आणि फरिदाबादची कोणाकडे जाते, ते मला काय ठाऊक?"

"फोन करून विचारू," क्षिप्रा म्हणाली.

"कोणी सांगेल का? मी तिच्याकडे जात नाही, असं फोनवर कोण म्हणेल? ते समोरासमोरच कळतं. कोण कुणाशेजारी बसलीये, कोण कुणाला 'उद्या येतेस ना' म्हणतेय, ते बघितलं की." हेमलताने उल्काताईंकडे पाहिलं. "आणि बुधवारी सगळ्या एका ठिकाणी येणार आहेत."

उल्काताईंनी तिळाच्या डब्याचं झाकण लावलं. ते एकदा नीट बसलं नाही म्हणून काढून परत लावलं. "मेतकूट देवयानीला," त्या म्हणाल्या. "ते दुसऱ्या कोणालाच द्यायचं नाही."

बुधवारपर्यंत त्यांनी मेतकूट भाजलं, दळून आणलं, चाळलं. देवयानी घेईल की नाही हे माहीत नसताना. नाही घेतलं तर ते घरी येणार होतं, बाकीच्या ऑर्डरीही त्यामागे जाणार होत्या, आणि एप्रिलपासून त्या हॉलमध्ये ढिणचॅक गाणी वाजणार होती. चाळताना त्यांच्या मनात हे येत होतं आणि हात चालत होते.

बोटॅनिकल गार्डनहून मजेंटा लाइन, हौज खासला उतरून गुडगावची गाडी. उल्काताई आणि हेमलता, दोघींच्या हातात दोन-दोन जड पिशव्या. उल्काताईंनी फिक्या जांभळ्या रंगाची, बारीक काठाची साडी नेसली होती. ती निवडायला त्यांना बराच वेळ लागला होता. हेमलता वाटेत कशाबद्दलही बोलत होती, नरसिंहरावांच्या कानाच्या यंत्राबद्दल, मेट्रोतल्या जागेबद्दल. फक्त हळदीकुंकवाबद्दल नाही.

देवयानीच्या दारात चपलांचा खच पडला होता. दारातच तिची सून जसलीन हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी होती. ती पंजाबी, जनकपुरीत वाढलेली, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. सासूने सकाळी जे शिकवलं होतं ते ती मन लावून करत होती. येईल तिला हळद, मग कुंकू, मग हसून "या ना, आत या". रांगेतल्या बायकांचं बोलणं उल्काताईंना बघून जरा मंदावलं. एकीने उगाच पदर सावरला. एक जण बाजूला झाली, वाट द्यावी तशी. उल्काताईंनी पिशव्या भिंतीशी ठेवल्या आणि हळूच म्हणाल्या, "मी नुसतं वाण ठेवते आत..."

"आंटी, इधर देखिए," जसलीन म्हणाली.

उल्काताईंनी मान वर केली. जसलीनने बोट हळदीत बुडवलं, टेकवलं. कुंकवात बुडवलं, टेकवलं. कुणी श्वास रोखलाय, कुणी खाली बघतंय, याचा तिला पत्ता नव्हता. तिला फक्त टिकली सरळ लागायला हवी होती. तिने जरा मागे सरून बघितलं, नीट आहे ना ते, आणि ती हसली. "या ना, आत या."

ओल्या कुंकवाचा थंड ठिपका. तो लागला तेव्हा उल्काताईंना काय वाटलं ते त्यांनी नंतरही कोणाला सांगितलं नाही. त्या तिथे जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या, एवढंच.

"उल्के, सरक की पुढे," मागून हेमलता म्हणाली. "रांग बघ केवढी. मला पण लावायचंय."

कोणीतरी हसलं. बोलणं परत सुरू झालं. आतून देवयानी आली. तिने उल्काताईंच्या कपाळाकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग परत कपाळाकडे. डोळे तिचेच भरून आले, पण बोलली ती नेहमीसारखीच. "पिशव्या बाहेर का टाकल्यास? आण आत. आणि काय आहे त्यात, मसालाच असेल तर तशीच परत जा."

"मेतकूट आहे."

"मेतकूट!" द्वारकेची एक बाई सोफ्यावरून उठलीच. "अहो, माझं कोल्हापुराहून आणायचंच राहिलं. माझा मुलगा तापात नुसता मेतकूट-भात मागत होता."

पुढचा तासभर उल्काताईंनी जे केलं ते कस्तुरबा गांधी मार्गावरच्या कार्यालयात साहेबांच्या बैठकीत करायच्या तेच. गप्प बसून कान देणं. रोहिणीची ताई फरिदाबादच्या जावेकडे जाते पण द्वारकेला जात नाही. द्वारकेच्या तिघी एकत्र गाडी करतात. गुडगावातल्या दोन सोसायट्यांचं आपसात बरं नाही, तेव्हा दोन्हीकडे तिळाची चटणी दिली तरी चालेल. एकमेकींच्या घरी जायच्याच नाहीत. हेमलताच्या कानात त्यांनी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघ, भांडणाचा पण उपयोग असतो." आणि आता घरोघरी वेगळी वस्तू मिळणार हे क्षिप्राने ग्रुपवर टाकल्यापासून बायका आपण होऊन विचारत होत्या, "उद्या कुणाकडे काय आहे?" ज्या घरी कंटाळा करून कोणी जात नव्हतं त्या घरांचे पत्ते विचारले जात होते. ज्यांनी नको म्हटलं होतं त्यांनी परत मागितलं. वर्गात मुलगा पाठवणाऱ्या रणदिवेबाई नगरच्या, ख्रिस्ती, हळदीकुंकू करत नसत. त्यांनी पहिल्या घाण्यातला उरलेला गोडा मसाला चर्चमधल्या मराठी बायकांसाठी उचलला. "आमच्याकडे अजून कोणाला मिळालेला नाही," असं त्या हसून म्हणाल्या.

निघताना देवयानीने उल्काताईंच्या हातात तिळगूळ ठेवला आणि त्यांचाच बटवा त्यांना वाण म्हणून दिला.

परतीच्या मेट्रोत शिरताना तपासणीच्या पडद्याआड गणवेशातल्या मुलीने विचारलं, "आंटी, कहीं पूजा थी?"

"नहीं बेटा," उल्काताई म्हणाल्या. "सहेली के घर गई थी."

घरी आल्यावर त्यांनी गरम भात टाकला, तूप घातलं आणि बटव्यातलं मेतकूट त्यावर भुरभुरवलं. मीठ किंचित कमी होतं. पुढच्या वेळी बघायला हवं.

रथसप्तमीनंतरच्या आठवड्यात हॉलचं भाडं भरलं गेलं. डान्स क्लासवाल्यांनी संध्याकाळची वेळ घेतली. कारकुनाने दारावरची वर्गाची पाटी पुसून परत लावली आणि "आंटीजी, हमारे लिए भी वो मसाला बचा है क्या?" असं हळूच विचारलं. उल्काताईंनी एक पुडी दिली. पैसे घ्यायचे की नाही यावर क्षिप्रा आणि त्यांची थोडी झकाझकी झाली. क्षिप्राने घेतले.

त्या रविवारी मुलं गेल्यावर क्षिप्रा बाकावर बसून म्हणाली, "चलो काकू, आता पुढच्या वर्षी काय विकायचं ते आत्ताच ठरवून टाकू."

"ते नंतर," उल्काताई म्हणाल्या. फळा पुसायचं त्यांनी थांबवलं नाही. "आधी मला सांगा, पुढच्या वर्षी हळदीकुंकवाचा कुठला दिवस मोकळा आहे? माझ्याकडे ठेवायचंय."

क्षिप्राने हेमलताकडे पाहिलं. हेमलताने पर्समधून चष्मा काढला, पुसला, घातला आणि जणू रोजचाच प्रश्न असावा तसं म्हणाली,

"कुठलाही ठेव. रविवार सोडून. रविवारी तुझा वर्ग असतो."